कुमारवयीनांच्या कार्यकारी क्षमतेचे मापन : कागदी चाचणीपासून आभासी वर्गापर्यंत एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मुलांना काय येते व किती येते, हे मोजण्याची साधने मानसशास्त्राने विसाव्या शतकाच्या आरंभापासून विकसित केली. बुद्धिमापनाच्या कसोट्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. परंतु जे येते ते योग्य वेळी, योग्य क्रमाने आणि तात्कालिक मोह बाजूस सारून उपयोगात आणता येते की नाही, हा प्रश्न निराळा आहे. गणितात हुशार असलेला मुलगा गृहपाठाची वही घरी विसरतो, परीक्षेत पहिल्याच प्रश्नावर निम्मा वेळ घालवतो, चिडला की हातातली वस्तू फेकतो. अशा मुलाची बुद्धी कमी नसते; तिच्यावरील नियंत्रण अपुरे असते. नियोजन, प्रतिसाद आवरणे, क्रियाशील स्मृती, एका नियमावरून दुसऱ्या नियमाकडे वळण्याची लवचीकता आणि स्वतःच्या चुकांवर लक्ष ठेवणे या क्षमतांच्या समूहास मानसशास्त्रात 'कार्यकारी कार्ये' किंवा 'कार्यकारी क्षमता' असे संबोधले जाते.

या क्षमतेचे मापन हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहिलेला नाही. अपघातात मेंदूला इजा झालेल्या विद्यार्थ्याने शाळेत केव्हा परतावे, अवधान-न्यूनतेचे निदान करावे की नाही, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला कोणत्या सवलती द्याव्यात, असे निर्णय अंशतः अशा मापनावर अवलंबून असतात. भारतात २०१५ च्या बालन्याय कायद्यानंतर गंभीर आरोप असलेल्या १६ ते १८ वर्षे वयोगटातील मुलांच्या मानसिक क्षमतेचा अंदाज घेणे हा न्यायप्रक्रियेचाच भाग बनला आहे. म्हणूनच ही साधने कोठून आली, कोणासाठी घडविली गेली आणि ती नेमके काय मोजतात, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचा उगम

कार्यकारी क्षमतेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा एका अपघातापासून सांगितला जातो. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात कॅव्हेंडिश या गावाजवळ लोहमार्गाच्या कामावर सुरुंगाची दारू ठासत असताना फिनिअस गेज या २५ वर्षांच्या मुकादमाच्या डोक्यातून सुमारे साडेतीन फूट लांबीची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. त्याची वाचा, चाल व स्मरणशक्ती टिकली. मात्र त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात त्याचा स्वभाव बदलल्याची, तो एकामागून एक बेत आखून सोडून देत असल्याची नोंद केली. मेंदूच्या अग्रखंडाचा वर्तनाच्या नियमनाशी संबंध असावा, या विचारास या नोंदीने चालना दिली.

या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. गेजने पुढे अनेक वर्षे चिली देशात घोडागाडी हाकण्याचे काम केले. ठरावीक मार्ग, ठरावीक वेळ आणि रोजचा तोच क्रम असलेल्या या कामात तो टिकून राहिला. बाहेरून मिळालेली शिस्त आतील नियंत्रणाची उणीव काही प्रमाणात भरून काढू शकते, असा अर्थ अलीकडच्या अभ्यासकांनी यातून काढला आहे. कार्यकारी क्षमतेच्या मापनाचा पुढील सारा इतिहास या एका निरीक्षणाभोवती फिरतो, असे म्हणता येईल.

विसाव्या शतकात रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांच्या अभ्यासातून अग्रखंडाच्या कार्याची पद्धतशीर मांडणी केली. कृतीचा आराखडा करणे, तो राबविणे आणि परिणाम हेतूशी ताडून पाहणे, ही कामे त्यांनी मेंदूच्या या भागाकडे सोपविली. लहान मूल आधी इतरांच्या व मग स्वतःच्या शब्दांच्या साहाय्याने कृतीवर ताबा मिळवते, असेही त्यांनी प्रतिपादन केले. १९७४ मध्ये ॲलन बॅडली व ग्रॅहम हिच यांनी क्रियाशील स्मृतीचे प्रतिमान मांडताना तिच्या केंद्रस्थानी एक 'मध्यवर्ती कार्यकारी' घटक कल्पिला. १९८० च्या दशकात म्युरियल लेझाक यांच्या लेखनामुळे 'कार्यकारी कार्ये' ही संज्ञा चिकित्सा-मानसशास्त्रात रूढ झाली. येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. संकल्पना अशी स्थिरावण्यापूर्वीच ती मोजणारी बहुतेक साधने अस्तित्वात आलेली होती.

पारंपरिक साधनांची जडणघडण

आज कार्यकारी क्षमतेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक चाचण्या मूळात अन्य हेतूंनी निर्माण झाल्या होत्या. स्टॅनली पोर्टियस यांनी १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी चक्रव्यूहाच्या आकृत्या तयार केल्या. शाब्दिक कसोट्यांतून न दिसणारी दूरदृष्टी त्यांना मोजावयाची होती. पेन्सिल न उचलता व बंद वाटेत न शिरता मार्ग काढणे, हे तिचे स्वरूप. मुलांसाठी जन्मलेली ही मोजकी साधनांपैकी एक होय. पुढे याच आकृत्यांचा वापर मानववंशांची प्रतवारी लावण्यासाठी झाला आणि पोर्टियस यांच्या कार्याचा तो भाग वादग्रस्त ठरला.

जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधाचा विषय शब्दवाचन व रंगनाम यांतील परस्पर अडथळा हा होता. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असता शाईचा रंग सांगण्यास वेळ लागतो, कारण वाचनाची सवय आड येते. ही सवय आवरण्याची क्षमता म्हणजे प्रतिसाद-निरोध, असा अर्थ या प्रयोगास पुढे लाभला.

मार्गरेखन चाचणी १९४४ मध्ये अमेरिकी सैन्याच्या वैयक्तिक चाचणीसंचात समाविष्ट झाली. तिच्या पहिल्या भागात १ ते २५ हे अंक क्रमाने रेषेने जोडावयाचे असतात. दुसऱ्या भागात अंक व इंग्रजी अक्षरे आळीपाळीने. राल्फ रीटन यांनी १९५० च्या दशकात मेंदूच्या इजेच्या निदानासाठी तिचा पाठपुरावा केला. १९४८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील एस्टा बर्ग व डेव्हिड ग्रँट यांनी विचारांची लवचीकता अभ्यासण्यासाठी पत्त्यांच्या वर्गीकरणाची चाचणी तयार केली. रंग, आकार वा संख्या यांपैकी कोणत्या नियमाने पत्ते लावावयाचे, हे प्रयुक्ताला सांगितले जात नाही. केवळ 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच कळते. सलग दहा पत्ते बरोबर लागले की परीक्षक न सांगता नियम बदलतो. माँट्रियल येथे ब्रेंडा मिल्नर यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की, अपस्मारावरील शस्त्रक्रियेत अग्रखंडाचा विशिष्ट भाग काढलेले रुग्ण जुन्याच नियमाला चिकटून राहतात. तेव्हापासून ही चाचणी अग्रखंडाची कसोटी म्हणून मान्यता पावली.

नियोजनाच्या चाचणीचा इतिहास तर एका खेळण्यापाशी पोहोचतो. फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८८३ मध्ये 'हनोईचा मनोरा' हे कोडे बाजारात आणले. काशीच्या मंदिरात ६४ सुवर्णचकत्या एका दांड्यावरून दुसऱ्या दांड्यावर हलविणाऱ्या पुजाऱ्यांची कल्पित कथा त्याच्याशी जोडली गेली. या कोड्यापासून स्फूर्ती घेऊन टिम शॅलिस यांनी १९८२ मध्ये 'लंडनचा मनोरा' ही चाचणी तयार केली. कमीत कमी चालींत रंगीत मणी इच्छित रचनेत आणण्यासाठी आधी मनात आराखडा करावा लागतो.

सैनिकभरती, सवयींचा अभ्यास, गणिती करमणूक अशा भिन्न उगमांची ही साधने मेंदूविकारग्रस्त प्रौढांच्या तपासणीत एकत्र आली आणि तेथून ती मुलांपर्यंत पोहोचली. हा प्रवास लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या मर्यादांचे आकलन होत नाही.

प्रौढांची साधने, मुलांची मानके

मुलांसाठी या चाचण्यांचा वापर सुरू झाला तेव्हा प्रथम निराळी मानके तयार करणे, एवढाच बदल करण्यात आला. मार्गरेखन चाचणीची २५ ऐवजी १५ वर्तुळांची आवृत्ती निघाली. गॉर्डन शेलून व रूथ बेअर यांनी १९८६ मध्ये पत्ते-वर्गीकरणाची वयानुसार मानके प्रसिद्ध केली, तेव्हा साधारण दहाव्या वर्षी मुलांची कामगिरी प्रौढांच्या पातळीस पोहोचल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष विचारात टाकणारा होता. दहा वर्षांचे मूल घर चालवू शकत नाही, पैशांचे नियोजन करू शकत नाही. अग्रखंडाची परिपक्वता तर विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, असे पुढील मेंदू-प्रतिमांकनाने दाखविले. मग दहाव्या वर्षी पूर्णत्वास पोहोचणारे गुण नेमके कशाचे?

या प्रश्नातून बालकेंद्री साधनांची निर्मिती झाली. फिलिप झेलाझो व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत तीन वर्षांची मुले पत्ते रंगानुसार लावल्यानंतर, नवा नियम स्वतः तोंडाने सांगूनही, जुन्याच नियमाने पत्ते लावीत राहतात, तर पाचव्या वर्षाच्या सुमारास बहुतेकांना बदल जमतो, असे आढळले. फिनलंडमधील मारित कोर्कमन यांच्या कार्यातून 'नेप्सी' हा मुलांचा चाचणीसंच आकारास आला व १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. २००० साली अकिरा मियाके व सहकाऱ्यांनी १३७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून नियम-बदल, स्मृतीचे अद्ययावतीकरण व निरोध हे तीन घटक परस्परसंबद्ध तरीही भिन्न असल्याचे मांडले. ही त्रिसूत्री आज सर्वत्र उद्धृत केली जाते.

तथापि कुमारवयाचे वैशिष्ट्य या त्रिसूत्रीत पुरतेपणी सामावत नाही. फिलाडेल्फियातील टेम्पल विद्यापीठात मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०६ व्यक्तींनी संगणकावर मोटार चालविण्याचा खेळ खेळला. समवयस्क शेजारी असताना सर्वांनीच अधिक धोका पत्करला. परंतु हा परिणाम प्रौढांपेक्षा कुमारवयीन व तरुणांत अधिक होता. परीक्षकासमोर एकटा बसलेला सोळा वर्षांचा मुलगा आणि मित्रांच्या घोळक्यातील तोच मुलगा यांची निर्णयशक्ती सारखी नसते. पारंपरिक चाचणी यांपैकी पहिल्याचेच मापन करते.

चाचणीखोलीचा पेच

पारंपरिक साधनांविषयीची मूलभूत शंका लेझाक यांनी १९८२ मध्येच उपस्थित केली होती. परीक्षेच्या खोलीत काय करावयाचे, केव्हा सुरू करावयाचे, किती वेळात संपवावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे सर्व परीक्षकच ठरवितो. म्हणजे जी क्षमता मोजावयाची, ती परीक्षकानेच पुरविलेली असते. शांत खोली, एकच काम, समोर लक्ष ठेवणारी प्रौढ व्यक्ती या गोष्टी गेजच्या घोडागाडीच्या ठरलेल्या मार्गासारखेच काम करतात.

या शंकेला लवकरच पुरावा मिळाला. पॉल एस्लिंगर व अँटोनियो डमासिओ यांनी १९८५ मध्ये 'ई. व्ही. आर.' या नावाने एका रुग्णाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. अग्रखंडातील गाठ काढल्यानंतर या हिशेबनिसाची बुद्धी उच्च राहिली, पत्ते-वर्गीकरणासह अग्रखंडाच्या चाचण्या त्याने उत्तम रीतीने पार केल्या; पण त्याची नोकरी, संसार व व्यवहार कोलमडले. कोठे जेवावयास जावे, हे ठरविण्यास त्याला तासन्‌तास लागत. १९९१ मध्ये शॅलिस व पॉल बर्जेस यांनी अशाच तीन रुग्णांना चाचणीखोलीबाहेर नेले. लंडनमधील एका बाजाररस्त्यावर काही वस्तू विकत घेणे, काही माहिती मिळविणे, ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोहोचणे आणि हे करताना काही साधे नियम पाळणे, अशी ती कसोटी होती. खोलीत ठीक भासणारे रुग्ण रस्त्यावर गोंधळले. 'बहुकार्य फेरी' या नावाने ओळखता येईल अशा या चाचणीने पारिस्थितिक सप्रमाणता, म्हणजे चाचणीचे गुण व प्रत्यक्ष जीवन यांतील मेळ, हा प्रश्न ऐरणीवर आणला.

यानंतर दोन मार्ग अनुसरण्यात आले. पहिला, चाचण्या जीवनसदृश करण्याचा. हरवलेली किल्ली मैदानात कशी शोधावी किंवा प्राणिसंग्रहालयाची फेरी कशी आखावी, असे प्रश्न असलेला 'बॅड्स' हा संच १९९६ मध्ये व त्याची मुलांसाठीची आवृत्ती २००३ मध्ये निघाली. दुसरा मार्ग मुलाला रोज पाहणाऱ्यांना विचारण्याचा. जेरार्ड जोया व सहकाऱ्यांनी २००० साली 'ब्रीफ' ही ८६ विधानांची पालक व शिक्षकांसाठीची प्रश्नावली प्रसिद्ध केली.

चाचणी व प्रश्नावली एकच गोष्ट मोजत असतील, तर त्यांच्या निष्कर्षांत मेळ असावयास हवा. मॅगी टोप्लाक, रिचर्ड वेस्ट व कीथ स्टॅनोविच यांनी २०१३ मध्ये २० अभ्यासांतील २८६ सहसंबंध तपासले. त्यांपैकी केवळ २४ टक्के सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय होते व त्यांचे मध्यांक मूल्य अवघे ०.१९ होते. त्यांच्या मते चाचणी ही नियंत्रित स्थितीतील प्रक्रियेची कार्यक्षमता दाखविते, तर प्रश्नावली प्रत्यक्ष जीवनात ध्येयाकडे वाटचाल कितपत साधते, हे दाखविते. प्रश्नावलीतही दोष आहेत. पालकाची थकावट, शिक्षकाचा पूर्वग्रह आणि मुलाकडून असलेली अपेक्षा यांची छाया उत्तरांवर पडते.

आभासी साधनांचा उदय

आभासी साधनांचा जन्म या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. संगणकीकरण व आभासी वास्तव या दोन भिन्न गोष्टी होत. १९८० च्या दशकात केंब्रिज येथे विकसित झालेल्या 'कँटॅब' या संचाने स्पर्शसंवेदी पडद्यावर चाचण्या आणल्या. त्यामुळे कालमापन अचूक झाले व परीक्षकागणिक होणारा फरक कमी झाला. पण काम तेच राहिले. चाचणीखोलीचा पेच त्याने सुटला नाही.

शिरावर धारण करावयाचा दृश्यपट आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्येच दाखविला होता. मुलांच्या मापनात त्याचा उल्लेखनीय उपयोग १९९० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील आल्बर्ट रिझो व सहकाऱ्यांच्या 'आभासी वर्गा'त झाला. दृश्यपट चढविलेले मूल बाकावर बसल्याचा अनुभव घेते. समोर शिक्षिका व फळा असतो. फळ्यावर उमटणाऱ्या अक्षरांपैकी ठरावीक जोडी दिसताच त्याने कळ दाबावयाची. हे काम नवे नव्हे. अशी सातत्यदर्शक अवधान चाचणी रॉसवोल्ड व सहकाऱ्यांनी १९५६ मध्येच दिली होती. नवे होते ते भोवतालचे जग. कोणाची तरी पावले वाजतात, कागदी विमान डोक्यावरून जाते, खिडकीबाहेर वाहन दिसते. मुलाने कळ दाबली की नाही याबरोबरच त्याची मान केव्हा, कोणत्या दिशेस व किती वळली, याचीही नोंद होते. स्पेनमध्ये याच कल्पनेवर ६ ते १६ वर्षे वयोगटासाठी 'आउला' हे साधन तयार झाले व एक हजाराहून अधिक मुलांवर त्याची मानके घेण्यात आली.

बहुकार्य फेरीलाही आभासी रूप लाभले. देबी रँड, तमार वाइस व सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये आभासी बाजारपेठेत ही चाचणी पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वापरली व २००९ मध्ये तिच्या सप्रमाणतेविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लंडनमधील अशोक जन्सारी व सहकाऱ्यांच्या साधनाच्या बालआवृत्तीत मुलाला संगणकाच्या पडद्यावरील घरात स्वतःच्या वाढदिवसाचा समारंभ पार पाडावयाचा असतो. कामांचा क्रम लावणे, अनपेक्षित अडचण सोडविणे, ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट आठवणे, असे अनेक घटक त्यात एकत्र येतात. २०१६ मध्ये ग्राहकांसाठीचे दृश्यपट बाजारात आल्यावर एकेकाळी मोजक्या प्रयोगशाळांत असलेली ही सामग्री शाळा व चिकित्सालयांच्या आवाक्यात येऊ लागली.

यावरून असे दिसते की, आभासी साधनांनी चाचणीखोलीत जाणीवपूर्वक अव्यवस्था परत आणली. बाजाररस्त्यावर पाऊस पडेल, दुकान बंद असेल. प्रत्येक रुग्णासाठी परिस्थिती सारखी ठेवता येत नाही. आभासी जगात मात्र गोंधळही प्रमाणित करता येतो.

आभासी साधनांच्या मर्यादा

प्रमाणित गोंधळ हा खरा गोंधळ असतो काय, हा प्रश्न तरीही उरतो. आभासी वर्गातील मुलाला कळ केव्हा दाबावयाची हे सांगितलेलेच असते. त्याने स्वतः काही ठरवावे, अशी अपेक्षा मर्यादितच असते. लेझाक यांचा आक्षेप अशा साधनांना सौम्य प्रमाणात का होईना, लागू पडतो. समारंभ वा बाजारपेठ यांसारखी खुल्या स्वरूपाची कामे त्यातून अधिक बाहेर पडतात; पण त्यांची गुणांकनपद्धती तितकीच गुंतागुंतीची होते.

दुसरी मर्यादा सवयीची आहे. दृश्यखेळांत रमणाऱ्या मुलाला आभासी जगात वावरणे सोपे जाते; ज्याने ते कधी पाहिले नाही, त्याची निम्मी शक्ती नियंत्रक हाताळण्यातच खर्च होते. काही मुलांना दृश्यपटामुळे भोवळ व मळमळ होते. तिसरी अडचण उपकरणांच्या अल्पायुष्याची. स्ट्रूपचे तक्ते नऊ दशके टिकले. दृश्यपटाचे प्रतिरूप काही वर्षांत बदलते आणि जुन्या उपकरणावर घेतलेली मानके नव्यास लागू पडतील याची हमी नसते. मान व दृष्टी यांच्या हालचालींची नोंद ही अत्यंत खासगी माहिती आहे. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे.

एक मर्यादा दोन्ही प्रकारांस समान आहे. क्रेग हेज, जॉर्जिना पॉवेल व पेट्रोक समनर यांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, स्ट्रूपसारख्या प्रयोगांत जवळजवळ प्रत्येकात परिणाम दिसतो, व्यक्तिव्यक्तींत फरक कमी असतो. म्हणूनच व्यक्तींची तुलना करण्यासाठी त्यांची विश्वसनीयता कमी पडते. गटाविषयी ठाम सांगणारी चाचणी एका मुलाविषयी तितक्याच ठामपणे सांगू शकत नाही.

भारतीय संदर्भ

परदेशी कसोटी येथील मुलास लावताना काय बदलावे लागते, याचा विचार भारतात जुना आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड परिसरात कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिने कसोटीचे रूपांतर करून त्याचा वृत्तान्त १९३४ मध्ये प्रसिद्ध केला व १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ लिहिला. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृतिचाचण्या साक्षर व निरक्षर अशा दोन्ही मुलांना देता याव्यात, अशा बेताने रचलेल्या होत्या. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २००४ मध्ये मुलांसाठी मेंदू-मानसशास्त्रीय चाचणीसंच उपलब्ध केला.

रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे, हे मार्गरेखन चाचणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. इंग्रजी अक्षरांऐवजी मराठी अक्षरे योजावयाची, तर क्रम कोणता धरावा? वर्णमालेत 'अ, आ, इ, ई' असा क्रम आहे. शाळेच्या तुकड्या व प्रश्नपत्रिकेतील पर्याय 'अ, ब, क, ड' या क्रमाने ओळखले जातात. दोन्ही क्रम मुलाच्या मनात एकाच वेळी असता होणारा विलंब लवचीकतेच्या अभावामुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अक्षरांऐवजी रंगांचा उपयोग करणारी मार्गरेखन चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली, ती अशाच अडचणींवर उपाय म्हणून. लुरिया यांना १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांच्या अभ्यासात आढळले होते की, शाळेत न गेलेली माणसे वस्तूंचे वर्गीकरण अमूर्त गुणांऐवजी उपयोगानुसार करतात. करवत, कुऱ्हाड व लाकूड एकत्र ठेवणाऱ्या माणसाचा विचार ताठर नसतो. तो त्याच्या व्यवहाराशी सुसंगत असतो.

आभासी साधनांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे एक संपूर्ण जग उभे केले जाते. कपाटांच्या रांगांतून स्वतः वस्तू निवडावयाच्या आभासी बाजारपेठेत, यादी किराणा दुकानदाराच्या हाती देण्याची सवय असलेला खेड्यातील मुलगा नवखा ठरतो. मोजकी बाके असलेला शांत वर्ग हा दाटीवाटीने बसणाऱ्या मुलांचा वर्ग नव्हे. जीवनसदृशता हे ज्या साधनाचे बळ, त्याचे जीवन कोणाचे, हे विचारणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य न्यायक्षेत्रात सर्वाधिक जाणवते. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम १५ नुसार, घोर स्वरूपाच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाच्या बाबतीत बालन्याय मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते. गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची क्षमता आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडल्याचे म्हटले जाते ती परिस्थिती, हे त्याचे विषय होत. मुलाचा खटला प्रौढाप्रमाणे चालवावा की नाही, हे त्यावरून ठरते. १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, मंडळात बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्रातील व्यावसायिक नसल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घेणे अनिवार्य मानले, तर २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली.

अशा प्रसंगी तज्ज्ञासमोर मूल शांत खोलीत, घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी, एकटे बसलेले असते. परिणाम समजतात काय, या प्रश्नाला ते बरोबर उत्तर देऊ शकते. ज्या क्षणी भोवती सोबती होते आणि राग वा भीती अनावर होती, त्या क्षणी ते समजणे वापरता आले काय, याचे उत्तर त्या गुणांत नसते. ई. व्ही. आर. याच्या वृत्तान्तापासून गार्डनर व स्टाइनबर्ग यांच्या प्रयोगापर्यंतचा इतिहास हेच सांगतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पारंपरिक चाचण्या अन्य हेतूंनी जन्मल्या, प्रौढ रुग्णांवर घासून घेतल्या गेल्या व नंतर मुलांकडे आल्या. त्यांचे मूल्य नाकारता येत नाही. नियंत्रित स्थितीत मूल काय करू शकते, हे त्या स्वस्तात व दीर्घ परंपरेच्या आधारे सांगतात. मात्र चाचणीखोलीची शिस्त मुलाची उणीव झाकते. आभासी साधने ही या उणिवेला दिलेले उत्तर आहेत. ती चाचणीखोलीत जीवनाचा गोंधळ आणतात, पण तो कोणीतरी निवडलेला व रचलेला गोंधळ असतो. पालक व शिक्षकांचे निरीक्षण तिसरी बाजू दाखविते. या तिन्हींत मेळ नसणे हा मापनाचा दोष मानण्यापेक्षा, ती तीन निराळी उत्तरे आहेत असे मानून त्यांचा एकत्रित विचार करणे अधिक हितावह होय.

महाराष्ट्रापुरते पाहता, मराठी भाषेतील व येथील शाळा, घर व बाजार यांच्याशी जुळणारी साधने, तसेच ग्रामीण व नागरी मुलांची स्वतंत्र मानके तयार करण्याचे कार्य विद्यापीठे व महाविद्यालयांच्या मानसशास्त्र विभागांनी हाती घेणे आवश्यक आहे. कामत यांनी नऊ दशकांपूर्वी त्याचा पाया घातला आहे. तोवर एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा वा स्वातंत्र्याचा निर्णय करताना कोणत्याही एका चाचणीच्या गुणांवर, मग ती कागदावरील असो वा आभासी, विसंबून राहणे उचित ठरणार नाही.